खेळात राजकारण कुणी आणलं?

मागल्या हिवाळ्यात पापडीतल्या एका टेनिस बॉलच्या स्पर्धेत आमच्या वस्तीचा संघ उतरला. पोरांनी वर्गणी काढून निळे टी-शर्ट छापून घेतले होते. पाठीवर नंबर, आणि नंबरच्या वर 'जयभीम'. पहिल्या मॅचच्या आधी आयोजकांपैकी एकजण आला. खांद्यावर हात टाकून हसत हसत बोलला, "भावांनो, शर्ट बदला. खेळात राजकारण नको."

ज्या कमानीखाली उभं राहून तो हे बोलला त्या कमानीवर चार पुढाऱ्यांची तोंडं होती. खेळपट्टीवर सकाळीच नारळ फुटला होता, उदबत्ती अजून धुमसत होती. बक्षीस द्यायला येणारे साहेब निवडणुकीला उभे राहणार हे पापडीच्या तळ्यातल्या माशांनाही ठाऊक होतं. हे सगळं खेळात बसत होतं. आमचा रामराम तेवढा राजकारण!

आमच्यात तिथंच जुंपली. कप्तान म्हणाला, चला घरी. मी म्हणालो, खेळू. एन्ट्री फी भरलीय, अर्धी पोरं रात्रपाळी करून आलीत, मी स्वतः साच्यावरून उठून थेट मैदानावर आलेला. शेवटी शर्ट उलटे घालून खेळलो. शिलाई बाहेर, अक्षरं आत. घामानं अक्षरं पाठीला चिकटली. दुसऱ्या फेरीत हरलो ते सोडा, हरणं आपल्याला नवं नाही. पण खेळू म्हणणारा मी होतो. ते अजून सुटत नाही, म्हणून हे लिहितोय.

मित्रांनो, त्या आठवड्यात मी घरी येऊन काय केलं? कविता लिहिली. कुणावर? मेक्सिकोच्या काळ्या मुठीवर! माझ्या वहीत त्या मुठीवर एकूण तीन कविता आहेत. पापडीतल्या उलट्या शर्टावर एक नाही. तेव्हा ही समीक्षा आधी माझ्याच कवितांची.

माझ्या तिन्ही कवितांत मूठ आहे, आग आहे, सूर्य आहे. फोटो मात्र एकीतही नाही. म्हणजे मी तो नीट पाहिलेलाच नव्हता. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी, दोनशे मीटर. टॉमी स्मिथ पहिला, १९.८३ सेकंद, जागतिक विक्रम. दुसरा ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. तिसरा जॉन कार्लोस. आता खालून वर पाहत या. दोघा काळ्यांच्या पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे. ती काळ्यांची गरिबी. कार्लोसच्या गळ्यात मणी, ते झाडाला लटकवून मारलेल्यांसाठी. आणि त्याच्या जाकिटाची चेन उघडी आहे. ऑलिंपिकच्या शिस्तीत असं चालत नाही. ती त्यानं कामगारांसाठी उघडी ठेवली होती, असं त्यानंच पुढं सांगितलं. मी गिरणीत काम करणारा माणूस, तीन कविता लिहिल्या, आणि माझ्यासाठी उघडी ठेवलेली चेन मला दिसली नाही! मूठ दिसली, कारण मूठ पोस्टरवर असते.

मुठी सुद्धा सारख्या नाहीत. एकाची उजवी, एकाची डावी. कार्लोस आपले हातमोजे विसरला होता, म्हणून एक जोडी दोघांनी वाटून घेतली. ती युक्ती नॉर्मननं सुचवली असं सांगतात. नॉर्मन गोरा. त्यानं मूठ उगारली नाही, पण छातीवर त्यांच्याच चळवळीचा बिल्ला लावला. स्मिथ-कार्लोसना संघातून काढून घरी धाडलं. नॉर्मनला ऑस्ट्रेलियानं १९७२ च्या म्युनिकला नेलं नाही. २००६ साली तो वारला तेव्हा त्याच्या पेटीला खांदा द्यायला हे दोघे अमेरिकेहून गेले. ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटनं माफी मागितली ती २०१२ साली.

त्यांना हाकलायला लावणारा ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष अ‍ॅव्हरी ब्रंडेज. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या स्पर्धेवर बहिष्कार नको म्हणून अमेरिकेत जीव तोडून लढलेला हाच माणूस. तिथं नाझी सलाम चालला, तो त्याला राष्ट्राचा रिवाज वाटला. आणि मेक्सिकोत स्पर्धा सुरू व्हायच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, त्लातेलोल्कोच्या चौकात सरकारनं विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या. स्पर्धा थांबली नाही. मुडदे पडले तेव्हा खेळात राजकारण आलं नाही, दोन मोजे आले तेव्हा आलं.

तर 'खेळात राजकारण नको' या वाक्याचा अर्थ काय? मैदान आमचं आहे, तुम्ही पाहुणे आहात. बस्स, एवढाच. हे वाक्य वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर इतक्या वेळा छापून येतं की ते कुणी म्हणतंय असं वाटतच नाही, हवेतून आल्यासारखं वाटतं. आयोजकानं ते तिथूनच उचललं. तो वाईट माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. मॅचनंतर त्यानं आम्हाला वडापाव दिले.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. मेक्सिकोला जायची गरज नव्हती. आपल्याकडे हे अठ्ठेचाळीस वर्षं आधी होऊन गेलंय, चर्चगेटहून चालत जाता येईल अशा मैदानांवर.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, जात चांभार, बाप लष्करात. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडणारा, रूळ फिरवणारा, जाळं बांधणारा पोरगा. साहेबांना सरावाला बोलिंग टाकता टाकता असा डावखुरा फिरकी गोलंदाज झाला की पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं तर त्याच्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. घेतला. मैदानात चेंडू त्याच्या हातून सगळ्यांच्या हातात जात होता, तेव्हा कुणी बाटत नव्हतं. चहाच्या वेळी बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात. बाळू बाहेर, मातीच्या कुल्हडात, पिऊन झालं की फेकून द्यायचं. हात धुवायचे तर पाणी घालायला अस्पृश्यच नोकर. जेवायचं पान वेगळं. चामड्याचा चेंडू चालला, तो शिवणाऱ्याच्या जातीचा माणूस पंगतीला चालला नाही.

पुढं तो मुंबईला आला, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून खेळला. म्हणजे आपलीच विरार लोकलची लाईन, आज जिला पश्चिम रेल्वे म्हणतात ती. रोज गाडीत चेंगरताना हे मला आठवतं. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सगळे सामने हरत होता, आणि पस्तिशीतल्या बाळूनं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. गडी इतका मोठा. पण हिंदू संघाची कप्तानी? ती कधीच नाही.

तेव्हा मुंबईत चौरंगी सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. देशांचे सामने नव्हते, पण एका बाजूला राज्यकर्ता गोरा आणि तीन बाजूंना त्याची प्रजा. त्या काळी याहून आंतरराष्ट्रीय इथं काही नव्हतं. १९२० साली बाळूला संघातून वगळलं. धाकटा भाऊ विठ्ठल तेव्हाच्या पहिल्या प्रतीच्या फलंदाजांतला, पण कप्तानीचा विचार पै आणि देवधर या ब्राह्मणांच्या पुढं गेला नाही. मग विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी काय केलं? संघातून अंग काढून घेतलं. नुसतं घरी बसले नाहीत, पत्रक काढलं. आम्हाला डावललंय ते खेळामुळं नव्हे, जातीमुळं, हे चारचौघांत सांगितलं. मुंबईत बोंब उठली. वर्तमानपत्रांतून लोक भांडले. शेवटी जिमखान्याला नमावं लागलं. बाळू संघात आला, उपकप्तान म्हणून आला, आणि मग भाऊ परत उतरले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि स्पर्धा जिंकून आला.

साल पुन्हा वाचा. १९२०. जानेवारीत 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराज आले. जुलैत बाबासाहेब लंडनला गेले. आणि त्याच वर्षी दोन चांभार क्रिकेटपटू जातीसाठी संप करतात आणि संप जिंकतात. महाडचं तळं अजून सात वर्षं पुढं आहे. मी संप म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. गिरणीवाल्याला विचारा. हत्यार खाली ठेवायचं, दारात उभं राहायचं, कारण मोठ्यानं सांगायचं, आणि मागणी मान्य झाल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. आम्ही शर्ट उलटा करून आत गेलो, आणि त्यांनी बॅट दारात ठेवली.

मग प्रश्न असा की आपल्या कवितेत हे भाऊ का नाहीत? आपल्या पोस्टरवर का नाहीत?

खरं कारण आपण सगळे जाणतो, फक्त बोलत नाही. बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी तो दुसऱ्या गोटात होता. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतरही तो मागं आला नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसनं बाबासाहेबांच्या समोर कुणाला उभं केलं? बाळूला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. दोन हजार मतांचा फरक! काँग्रेसला ठाऊक होतं आपल्यातल्या कुणाची पुण्याई वापरायची ते. ज्या हिंदूंच्या चहाला त्याला आत घेत नव्हते, त्याच हिंदूंची बाजू त्यानं शेवटी धरली. मला याचा राग येतो. येऊ दे. पण त्या रागापायी १९२० चा संप आपण दुसऱ्याला आंदण द्यायचा काय? काँग्रेसवाले बाळूला 'हरिजन' म्हणून मिरवून मोकळे झाले, क्रिकेटवाल्यांनी तर नावही ठेवलं नाही. देवधरांच्या नावानं १९७३ साली करंडक सुरू झाला. बाळूच्या नावानं देशपातळीवर काय आहे? आणि आपण म्हणतो तो आपला नव्हता. मग तो कुणाचाच नव्हता काय? कवीनं पुढं पक्ष बदलला म्हणून त्याची आधीची कविता आपण फाडत नाही. खेळाडूला हा न्याय का नको?

साहित्याच्या अंगानंही एक भांडण आहे. विठ्ठलनं आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ साली. 'बलुतं' आलं १९७८ ला. तीस वर्षांचं अंतर. आपले समीक्षक दलित आत्मकथनाचा इतिहास सांगतात तेव्हा 'बलुतं'पासून धरतात, आणि मागचं बोलले तरी या पुस्तकाचं नाव घेत नाहीत. का? कारण ते खेळाच्या कपाटात पडलं. हा पण एक गावकुसाचाच प्रकार. साहित्य आत, खेळ बाहेर. आणि बाहेरचं कपाट कोण उघडतो? मला हे सगळं कळलं ते रामचंद्र गुहांच्या इंग्रजी पुस्तकातून, २००२ च्या. डिक्शनरी घेऊन, पाळीच्या मधल्या सुट्टीत, चार महिने. एका ब्राह्मणानं इंग्रजीत सांगितल्यावर पापडीतल्या पोराला आपल्याच माणसाचा मराठीतला संप कळतो! गुहांचे आभार. आपल्याला मात्र काय म्हणावं?

१९७४ चं थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकलं की मला हसू येतं, रडू येतं. त्या साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला. उपांत्य फेरीत रशियाला पुण्यातच हरवलं होतं. फायनलला समोर कोण? दक्षिण आफ्रिका, वर्णभेदवाली. भारतानं खेळायला नकार दिला. कप न खेळता त्यांच्या घरात गेला. मी म्हणतो बरोबर केलं, शंभर टक्के बरोबर. विजय-आनंद अमृतराजांच्या हातून जन्माची संधी गेली, ती किंमत खरी होती. पण त्याच १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळीत काय चाललं होतं? पँथरच्या सभेवर दगड, मग दंगल, आणि १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधवच्या डोक्यात वरून पाटा पडला. आफ्रिकेतल्या काळ्यासाठी कप सोडणाऱ्या देशात वरळीच्या काळ्यासाठी कुणी एक मॅच सोडली? पुढं २००१ साली त्याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला, वंशभेदाविरुद्ध जगाची परिषद भरली. आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन गेली. तेव्हा भारत सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरचा मामला. वर्णभेदवाले आफ्रिकनही नेमकं हेच म्हणत होते, घरचा मामला!

हीच गोष्ट २०२१ साली पुन्हा झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिक हॉकीत हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चार-पाच दिवसांनी, ४ ऑगस्टला, संघ उपांत्य सामना अर्जेंटिनाकडून हरला. हरिद्वारजवळ रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर सवर्ण पोरांनी फटाके वाजवले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो म्हणे. देश हरला तर फटाके! आणि देशद्रोही कोण, तर आपण. २४ ऑक्टोबरला दुबईत पाकिस्तानच्या सामन्याआधी भारताचा क्रिकेट संघ गुडघ्यावर बसला, अमेरिकेतल्या काळ्यांसाठी. चांगलं केलं. फ्लॉइडसाठी माझाही गुडघा टेकतो. पण वंदनाच्या घरासाठी टेकवायला मध्ये अडीच महिने होते. त्या अकरा गुडघ्यांत मला स्मिथचे मोजे दिसले नाहीत. वरून सांगितलं, बसले.

इथं माझी गोची होते, ती लपवत नाही. निषेध खेळात असावा असं म्हणायचं, तर सगळ्यांचा असावा काय? १९९१ साली वानखेडेची खेळपट्टी शिवसैनिकांनी रातोरात खणली, पाकिस्तानचा सामना होऊ नये म्हणून. तोही निषेधच की. २०२५ च्या सप्टेंबरात दुबईत भारतीय संघानं पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवला नाही, स्पर्धा जिंकून चषकही घेतला नाही. एप्रिलमध्ये पहलगामला २६ माणसं मारली होती, ते दुःख खरं आहे, त्यावर मी विनोद करणार नाही. पण समोर उभ्या गड्याचा हात हातात घ्यायचा नाही, हे पाहताना माझ्या पाठीतून काही तरी सरकत गेलं. हात न लावणं हे आपल्याला जुनं ओळखीचं आहे. मातीचं कुल्हड आठवलं.

आणि नियम पाहा. २०१९ च्या मार्चमध्ये रांचीला भारतीय संघ लष्करी टोप्या घालून खेळला, आयसीसीनं परवानगी दिली होती. २०२३ च्या डिसेंबरात पर्थला उस्मान ख्वाजानं बुटावर लिहिलं की सगळे जीव सारखे आणि स्वातंत्र्य हा माणसाचा हक्क, तर त्याला बंदी. टोपी चालते, बूट चालत नाही. ज्याच्या मागं सरकार आहे त्याचं राजकारण दिसत नाही.

मी एवढंच पाहतो की निषेध करणाऱ्याचं त्यात काय गेलं. स्मिथचं करिअर गेलं. विठ्ठल-शिवरामनं त्या मोसमातली जागा पणाला लावली, आणि त्या जागेशिवाय चांभाराच्या पोराला त्या मुंबईत दुसरं काय होतं? पुढाऱ्याच्या हुकमानं कुदळ मारणाऱ्याचं काय जातं? उलट मिळतं. हे माप पुरेसं नाही, मला कळतंय. कुणाला याहून बरं सापडलं तर पुढच्या अंकात लिहा, माझी चामडी सोला.

राजा ढालेंचा 'साधना'तला लेख आठवा, १९७२ चा. दलित बाईच्या अब्रूला दंड किती आणि राष्ट्राच्या प्रतीकाला दंड किती, हा हिशोब त्यांनी मांडला आणि सगळा मराठी मध्यमवर्ग पेटला. ढाले काय करत होते? स्मिथनं राष्ट्रगीताच्या वेळी जे केलं तेच. मूठ मेक्सिकोत पाहिली की आपण टाळ्या वाजवतो, दादरला पाहिली की अंगावर येते. माझ्या तीन कवितांचं पितळ इथंच उघडं पडतं. दूरची मूठ फुकट असते. तिच्यावर लिहायला कुणी माझी एन्ट्री फी बुडवणार नव्हतं.

त्या तीन कविता मी अंकासाठी दिलेल्या होत्या, संपादकांनी त्या छापू नयेत.

आता पुढचं. यंदाची स्पर्धा पुन्हा त्याच मैदानावर आहे. शर्ट तेच आहेत, धुऊन ठेवलेत. कप्तान म्हणतो, सरळ घालायचे. काढा म्हणाले तर खेळायचं नाही, पण घरीही जायचं नाही. बाउंड्रीच्या बाहेर, कमानीसमोर, अकराजण रांगेत उभे राहायचं आणि का उभे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं. पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आहे. दोन ओळी विठ्ठल-शिवरामबद्दल टाकणार, बाकीचं पापडीबद्दल. एकजण म्हणाला, पोलीस आले तर? कप्तान म्हणाला, आले तर त्यांनाही पत्रक द्या.

आणि 'माझे क्रीडा-जीवन' कुणाच्या घरी, कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, गावच्या वाचनालयात सापडलं तर संपादकांना कळवा. पुस्तक परत मिळेल, हमी माझी. १९२० चं प्रकरण जसंच्या तसं उतरवून या अंकाच्या पुरवणीला काढू. स्टेन्सिल मी कापतो, रविवारी माझी सुट्टी असते.